कातोचा पहिला नंबर

मंगळ., ४ फेब्रु.
मीटिंगमध्ये प्रोजेक्ट चालवणाऱ्या मॅडमनी आज कातोचं नाव घेतलं. युगांडाच्या जंगलातला आमच्या प्रोजेक्टमधला चिंपांझी. शांत, लाजरा, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि तरी आकड्यांत कळपातला सगळ्यात वरच्या मानाचा. दोन आठवड्यांनी मॅडमचं भाषण आहे, त्याचा गाभाच तो. "युअर कातो," म्हणाल्या, कारण चिंपांझींच्या स्वभावाचे फॉर्म कॉम्प्युटरवर मी चढवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हसलो बहुधा. जुलैत आयटीतली नोकरी गेली तेव्हापासून अशा वेळी आत काही हलत नाही.

माझ्या नोकरीच्या मुदतवाढीच्या पत्रावर १४ ला त्यांची सही. ती झाली नाही तर मार्चअखेर व्हिसा गेला, या देशातलं राहणं संपलं. लेकीची, ईशाची, इथल्या शाळेत दहावी चालू आहे.

गुरु., ६ फेब्रु.
जंगलात चिंपांझींच्या मागावर फिरणाऱ्या ट्रॅकरांच्या नव्या वह्यांचे स्कॅन आले. कोण कुणापुढे वाकलं त्याच्या नोंदी. खालचा चिंपांझी वरच्याकडे अंग चोरून जातो, हुंकारत वाकतो. माझ्या टिपणात मी त्याला दं. लिहितो, दंडवताचा दं. दिवसभर दं. मोजले.

बॉस्को नावाच्या आडदांड नराला सगळे दं. घालतात. कातो बॉस्कोला घालतो, बॉस्कोच्या भावाला घालतो, कालपरवा वयात आलेल्यांनाही घालतो. कातोला कुणी नाही. एकही नाही. पुन्हा मोजले. तेच.

शेजारच्या टेबलावरचा प्रसाद, नागपूरचा, म्हणाला, "नम्र असन काका. तुमच्यासारखा."

शुक्र., ७ फेब्रु.
सापडलं. चूक माझी.

मूळ फॉर्म काढले. एकेका चिंपांझीला ट्रॅकरनं एक ते सात आकडा द्यायचा: लाजरेपणा, मवाळपणा, दरारा. ऑक्टोबरमध्ये दराऱ्याचा रकाना पाहिला तेव्हा बॉस्कोला सात, कातोला एक. मला वाटलं एक म्हणजे पहिला नंबर. गावच्या शाळेत गुरुजी निकाल वाचायचे, पहिला नंबरवाला पुढे येऊन उभा राहायचा, शेवटच्याची मान खाली. दुसरं काही असू शकतं हे डोक्यातच आलं नाही. बाकीच्या रकान्यांत मोठा आकडा म्हणजे जास्त, त्यांच्याशी जुळावं म्हणून तो अख्खा रकाना मी उलटा केला. एकाचे सात, सातांचा एक. फॉर्मच्या मागच्या बाजूला छापलंय, सात म्हणजे सर्वात जास्त. मागची बाजू पाहिली नव्हती. मॅडम स्वतः जंगलात गेल्या त्याला फार वर्षं झाली, कातो तेव्हा पिल्लू होता. त्यांनी माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवला.

हात गार पडायला हवे होते. डबा खाल्ला. भेंडी होती.

शनि., ८ फेब्रु.
एकादशी. सकाळी देवासमोर बसलो. मागायला काही सुचलं नाही, नुसता बसलो. मग बायकोला, सुनंदाला, सांगितलं.

"तुम्हाला काय वाटतंय?"
"काही वाटत नाही."
"मग वाटेल तेव्हा बोला. तोवर सही होऊन जाऊ दे."

ईशा फ्रिजमध्ये डोकं घालून ऐकत होती. "बाबा, जस्ट टेल हर. इट्स अ टायपो."
टायपो नाही गं, म्हणालो. टायपो नकळत होतो. मी विचार करून...
"मग अजूनच टेल हर," म्हणाली, आणि दही घेऊन गेली.
सुनंदा साबुदाणा परतत राहिली. माझ्याकडे पाहिलं नाही.

सोम., १० फेब्रु.
प्रसादला दाखवलं. त्यानं खुर्ची जवळ ओढली. "यार काका, कशाला उकरता? भाषण होऊ द्या, पत्र हातात येऊ द्या, मग हळूच म्हणा की नव्या वह्यांमुळे डाउट आला."
म्हणजे खोटं.
"खोटं नाही ना, लेट आहे फक्त."
मग खुर्ची मागे नेली. "मी काही ऐकलंच नाही बरं का."

बुध., १२ फेब्रु.
मॅडमनी भाषणाची तालीम केली. पडद्यावर कातोचा फोटो, फाटका कान. वर चढायला दांडगाई लागतेच असं नाही, शांत राहूनही मान मिळतो, असं म्हणाल्या. सांगताना चेहरा फुलला होता. खोलीत शेवटच्या खुर्चीवर मी.

हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा पटलं होतं लगेच. तपासावंसंही वाटलं नाही. आयटीत तेवीस वर्षं मीटिंगांत मागे बसलो, वाटायचं आपलं काम कुणीतरी बघत असेल. रकाना उलटा करताना हे मनात होतं का? नव्हतं. असं वाटतं. नक्की सांगता येत नाही.

संपल्यावर "एनी क्वेश्चन्स?" माझ्याकडेही पाहिलं त्यांनी. मी मान हलवली. नाही.

शुक्र., १४ फेब्रु.
दहाला मॅडमच्या खोलीत. टेबलावर माझं पत्र होतं. पेनही.
"गुड न्यूज डे," म्हणाल्या. पेन उचललं.
मॅडम, एक मिनिट, म्हणालो. फॉर्म मागची बाजू वर करून समोर ठेवला. सांगितलं सगळं, पहिल्या नंबरासकट. इंग्रजी अडखळलं. दं. चा कागदही दिला.

बराच वेळ वाचत होत्या.
"सो कातो इज ॲट द बॉटम."
"येस, मॅडम."
"हाउ लाँग हॅव यू नोन?"
"लास्ट फ्रायडे."
"यू वेअर इन द रूम ऑन वेन्सडे."
"येस, मॅडम."

पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. खिडकीबाहेर पार्किंगकडे पाहत म्हणाल्या, डेटा दुरुस्त करा, बाकीचं सोमवारी बोलू. पत्र ड्रॉवरमध्ये गेलं.

जागेवर आलो. प्रसाद हेडफोन लावून बसला होता, कानांत काही वाजत नसावं. फाइल उघडली. रकाना पुन्हा उलटवला. बॉस्को वर गेला. कातोच्या ओळीत सातचा एक झाला. त्याच्या खाली कुणी नाही. सेव्ह केलं.

सुनंदाचे तीन मिस्ड कॉल. अजून केला नाही.