सीडीवरची कीरैवाली

चेन्नई, शुक्रवार संध्याकाळ, १९९९

जुन्या टेपवरून केलेली सीडी पुण्याच्या चुलतबहिणीनं, सुधाताईनं पाठवली. वर लिहिलंय, ‘गायक : बाबा’. म्हणजे माझे काका. पण आवाज ऐकला आणि वाटलं, हे तर माझे अप्पा! भावाभावांचे आवाज सारखेच, मग सिद्ध कसं करू? ऑफिसच्या काँप्युटरवर हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकलं. दुसऱ्या कडव्यामागे, अगदी बारीक, “कीरै, कीरै!” तमिळ पालेभाजीवालीची हाक! पुण्यात कुठली ती? काका तर कधी मद्रासला आलेच नाहीत. ही आमचीच तिरुवल्लिकेणीची गल्ली! टेप अप्पांनीच भावाला पाठवली असणार.

लगेच फोन केला. सगळं ऐकून सुधाताई म्हणाली, “ती हाक खरखर समजून मी उद्या पुसूनच घेणार होते गं.”