शेरा: हलगर्जीपणा

४ नोव्हेंबर
एकदाची नोकरी लागली. मनीषनगरात एका दंतवैद्याच्या दवाखान्यावर आमची छोटी प्रयोगशाळा आहे. काम मजेचं. बिबट्याच्या विष्ठेतून मायटोकाँड्रियल डीएनए काढायचा. हा डीएनए फक्त आईकडून मिळतो, त्यामुळे कोणतं जनावर कोणाच्या जवळचं, कोणाची फांदी कधी फुटली, ते त्यावरून जुळवता येतं. विष्ठेत त्याने खाल्लेल्या शिकारीचा डीएनएही सापडतो. म्हणजे बिबट्याची वंशावळ आणि त्याचं कालचं जेवण एकाच डबीत. प्रयोगशाळा चालवणाऱ्या श्रीधर सरांनी आल्या आल्या माझ्या गालाच्या आतून कापूस फिरवून घेतला. इथे काम करणाऱ्या प्रत्येकाचा हाच डीएनए यादीत ठेवतात, म्हणजे आपली थुंकी नमुन्यात पडली तर ओळखू येते. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "एवढं शिकून गू चिवडून राहिली का वं?" भिवापूरला ती एकटी असते. मला काळजी तेवढीच.

११ नोव्हेंबर
जंगलातून दर सोमवारी डब्या आणणारे बापूजी भेटले. "घरी कोन कोन राह्यते वं? मायले एकटीले काहून ठेवलं?" एवढी चौकशी तर मुलगी बघायला आलेले करत नाहीत. पण भिवापूर त्यांच्या वाटेवर पडतं, म्हणून आईसाठी घेतलेला स्वेटर त्यांच्याकडे दिला. पत्ताही लिहून दिला.

१४ नोव्हेंबर
माझ्या आधीच्या कामिनीच्या वेळचा, अर्धवट राहिलेला नमुना चौदा आज पूर्ण केला. हा बिबट्या नाही. मांजरं आणि कुत्री वेगळी होण्याच्याही आधी फुटलेली फांदी आहे ही, आणि असं जनावर कुठल्याच यादीत नाही. शिकारीच्या जागी माणूस निघाला, तोही आमच्या यादीतला: कामिनी. सर म्हणाले, ती हलगर्जी होती, म्हणून तर गेली. त्या फांदीचं मात्र त्यांना नवल वाटलं नाही. बाहेर बोलू नकोस, एवढंच म्हणाले. मला काही ते पटलं नाही.

१९ नोव्हेंबर
आई परवापासून फोन उचलत नाही. शेजारच्या कौसल्याकाकू म्हणतात, दाराला कुलूप आहे, भावाकडे गेली असेल. मला न सांगता? मामाचा फोन लागत नाही.

२१ नोव्हेंबर
सोमवारच्या डबीचा निकाल आला. पुन्हा तीच फांदी. शिकार माणूस, आणि यादीत जुळणारं नाव माझं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्क नीट लावला नसणार. रजिस्टरात शेरा लिहिला, "हलगर्जीपणा, वैभवी", आणि उरलेला नमुना जाळायला दिला. सर रागावले नाहीत. उलट हसले. का?
मामाचा फोन लागला. आई तिकडे नाही.

२२ नोव्हेंबर, सकाळी
राहवेना म्हणून कामिनीला फोन केला. ती रडायलाच लागली. म्हणाली, त्या डबीचं झाकणसुद्धा तिने उघडलं नव्हतं. त्याच आठवड्यात तिची सख्खी बहीण नाहीशी झाली, अजून सापडली नाही. "बापूजीले आमचं घर माह्यत होतं," म्हणाली.
सख्खी बहीण. आई एक, म्हणून डीएनए एक.
मग माझा आणि —
डबीवर तारीख होती. सोमवार, १८. आईशी शेवटचं बोलले ती शनिवारी —
मी नीट मास्क लावला होता. लावला होता.
आणि उरलेलं मी जाळायला दिलं. आईचं तेवढंच —

दुपारी
पोलीस पुरावा मागतात. पुरावा काय देऊ? रजिस्टरात माझ्याच अक्षरात —
खाली जीप थांबली. बापूजी आणि सर बोलत आहेत. जिना एकच.
मी डबीत सापडले तरी कोणाला कळणार नाही. नाव यादीत आहे, शेराही आहे. नवीन मुलगी येईल, निकाल बघेल आणि म्हणेल, ही वैभवी हलगर्जी —