तुमच्या नावाआधीचं श्री.

आप्पा, माझ्या लग्नासाठी तुम्ही केलेली पत्रिका गेल्या महिन्यात उघडली. इतकी वर्षं ती तुमच्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये अडकून पडली होती. पडद्यावर आधी तुमची वेलबुट्टी आली, मग अक्षरं, आणि शाळेच्या लॅबमध्ये मुलांसमोरच मला रडू फुटलं.

निपाणीच्या स्टँडजवळचं आपलं डीटीपीचं दुकान डोळ्यांसमोर येतं. लग्नसराईत तुम्ही जेवायलाही घरी येत नसायचात, मी डबा घेऊन यायची. पत्रिकेची एक बाजू मराठी, दुसरी कन्नड, कारण आपल्याकडं सोयरे दोन्ही भाषांतले. छापायला द्यायच्या आधी तुम्ही सगळी नावं मोठ्यानं वाचायचात आणि मला ऐकायला बसवायचात. "बाकी कायबी चुकू दे गं, पण श्री. आन् कै. तेवढं बघ. जित्याला कै. लावलं तर त्यो सोता भांडायला येतोय, आन् मेलेल्याला श्री. लावलं तर त्याच्या घरची येत्यात." एवढं बोलून स्वतःच लई हसायचात.

तुमचं सॉफ्टवेअर विकतचं होतं. संगणकाच्या मागं त्याचं बोटाएवढं लॉक लावल्याशिवाय ते चालायचं नाही. माझी पत्रिका तुम्ही हौसेनं, सवडीनं करत होतात, आणि एका दुपारी वीज कडाडली आणि ते लॉक जळालं. विकणाऱ्यांनी फोनवर सांगितलं, जुनं आता बंद झालंय, नवीन घ्या, पण त्यात जुन्या फाइली उघडणार नाहीत. गावभर पत्रिका करणाऱ्या माणसाच्या लेकीची पत्रिका दुसऱ्याच्या दुकानातून, तयार नमुन्यावर छापून आली. ती हातात घेऊन तुम्ही म्हणालात, "काम माझं, घाम माझा, आन् किल्ली दुसऱ्याच्या खिशात. ह्याला काय म्हणायचं गं?" लग्नात तुम्ही हसत वावरलात. ते हसू मला अजून टोचतं. नंतर दुकानात तुमचं मन रमलंच नाही, आणि वर्षभरात तुम्ही गेलात.

आता मी सांबऱ्याच्या शाळेत संगणक शिकवते. भंगारात निघालेल्या यंत्रांवर आम्ही मुक्त सॉफ्टवेअर घातलंय. ती बिनतक्रार चालतात, मराठीत चालतात, कन्नडमध्येही. मुलं ते घरी नेतात, भावाबहिणीला देतात, आणि त्यात चोरी होत नाही. तुम्ही असता तर डोळे बारीक करून विचारलं असतंत, "फुकट कोण देतंय गं? कायतरी गोम असणार." मग मला आईच्या विरजणाची आठवण करून द्यावी लागली असती. शेजारच्या काकूंना वाटीत विरजण दिलं म्हणून आपलं दही कधी कमी झालं नाही, आणि आपलं नासलं त्या दिवशी त्यांच्याकडूनच परत आणलं. तसंच कुणा अनोळखी माणसानं तुमच्या त्या जुन्या फाइली उघडणारा प्रोग्रॅम लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. त्यात कन्नड बाजूची जोडाक्षरं बिघडत होती. आमच्या कन्नडच्या बाईंनी आणि मी बसून ती दुरुस्त केली आणि दुरुस्ती परत तिथंच ठेवली, म्हणजे दुसऱ्या कुणाची पत्रिका अडायला नको. हे तुमच्या वेळी असतं तर, हा एकच विचार पत्रिका उघडल्यापासून मनातून हलत नाही.

तुमच्या नातीचं लग्न ठरलंय, आप्पा. पत्रिका तुमचीच घेतलीय, फक्त नावं बदलली आणि 'यांची कन्या'च्या जागी 'यांची नात' केलं. मग तुमच्यासारखी मोठ्यानं वाचली, लेकीला ऐकायला बसवलं. तुमच्या नावाआधी तुम्हीच टाइप केलेलं श्री. होतं. लेक हळूच म्हणाली, "आई, तिथं कै. पाहिजे न्हवं?" मी व्हय म्हटलं. या फाइलवर आता कुणाचं लॉक नाही, मला हवं ते बदलता येतं. मी बटणावर बोट ठेवलं, आणि तसंच उचलून घेतलं.

हे पत्र तुमच्या त्याच हार्ड डिस्कवर, पत्रिकेशेजारी ठेवून देते. पत्रिका छापायला गेल्यात. पाहुणे बोलतील तेव्हा छापखान्याची चूक म्हणून सांगेन. पण ती माझी आहे, आप्पा. तुम्ही शिकवलंत तसं नीट वाचून केलीय.