सुहासचं वर्ष कोणत्या दिवशी

१८ फेब्रुवारी, बुधवार. धुळे
राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस. उपासना ह्यांनी घेतली. घरी आल्यावर मोजे काढत म्हणाले, "यंदा पुनरुत्थान दिनाची उपासना मी घेणार नाही." मी पोळ्या करत होते. करत राहिले.
कारण विचारलं तर म्हणे, तो रविवार पवित्र शास्त्रातच नाही. पाळकानंच असं म्हणायचं. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात ते हेच.
आमच्या सुहासला जाऊन यंदा वर्ष होईल. गेल्या पुनरुत्थान दिनी, ईस्टरच्या पहाटे, शिरपूरहून मोटरसायकलवर येताना अपघातात. उपासनेलाच येत होता. बाविसावं चालू होतं.
एवढं लिहिलं, तरी काही झालं नाही. हात नुसता लिहितो.

२७ फेब्रु., शुक्र.
जेवणाच्या टेबलावर पुस्तकं. ताटं मांडीवर घेऊन जेवलो. ह्यांचं म्हणणं असं: यहुद्यांचा वल्हांडण सण पहिल्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी, चंद्र बघून. प्रभू वधस्तंभावर गेला तो त्याच सणात. पहिले विश्वासणारे सगळे यहूदी, त्यांना वेगळं कॅलेंडर कशाला लागतंय. आशिया मायनरमधल्या मंडळ्या पुढेही चौदावाच धरून राहिल्या, वार कुठलाही येवो. रोमकडच्यांनी रविवार धरला. मग रोमच्या बादशहाच्या काळात परिषद बसली. ठरलं की सगळ्यांनी रविवारीच पाळायचं, आणि यहुद्यांच्या गणनेकडे बघायचं नाही.
"म्हणजे आईच्या घरचा पत्ता आईलाच विचारायचा नाही," हे म्हणाले.
वाक्य चांगलं आहे. पूर्वी असतं तर म्हटलं असतं, उपदेशात घाला.
नंतर ती पुस्तकं मीही चाळली. खोटं काही नाही त्यांत. तेच अवघड आहे.

८ मार्च, रवि.
उपासनेनंतर मंडळीच्या कमिटीचे नाना घरी आले. "पाळकसाहेब, अभ्यास तुमचा खरा. पण त्या पहाटे माणसं मेणबत्त्या घेऊन कब्रस्तानात उभी राहतील. त्यांना काय चंद्र दाखवू?"
"दाखवा."
नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपांकडे. मग हळूच म्हणाले, जो पाळक पुनरुत्थान सांगत नाही त्याला मंडळीनं राहायला घर कुठल्या तोंडानं द्यावं, तुम्हीच सांगा. धमकी नव्हती. म्हाताऱ्याला वाईट वाटत होतं.
पहाटेची उपासना कब्रस्तानातच असते. सुहास तिथेच आहे. हे कुणीच बोललं नाही.

१९ मार्च, गुरु. पाडवा
मी शिकवते त्या शाळेला सुटी. शेजारच्या अक्का श्रीखंड घेऊन आल्या. फैजपूरच्या, आडपडदा नाही. "लेकराचं वर्ष कधी करताय?"
म्हटलं, ठरत नाही.
"तिथीनं धरा बाई. तारीख सरकारची, तिथी आपली." भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून, बोट फिरवत फिरवत काढलं: नऊ एप्रिल. ह्यांच्या यहुदी गणितानंही नऊच येते.
हे आतून धावत आले. "बघ! अक्कांना कळतं."
"अक्कांना परिषदेचं पत्र पोचलं नसेल," मी म्हटलं.
हे हसले. किती महिन्यांनी. मला आलं नाही हसू.
म्हणजे रविवारानं धरलं तर पाच एप्रिल, चंद्रानं नऊ, मृत्यूच्या दाखल्यावरच्या तारखेनं वीस. पोरगा यंदा तीनदा जाणार आणि मला एकदाही रडू येत नाही.

१ एप्रिल, बुध.
ह्यांचा चौदावा. बेखमीर भाकरी हवी म्हणाले. आपली पोळी काय रोज बेखमीरच. घरात खमिराचं म्हणून अर्धं ब्रेडचं पाकीट निघालं, ते अक्कांना दिलं. दोघंच बसलो. ह्यांनी बायबलातलं निर्गम वाचलं, सावकाश. नंतर सांगत होते, स्मुर्णाचा म्हातारा बिशप ह्याच वादापायी रोमला गेला होता. दोघा बिशपांचं पटलं नाही ते नाहीच. तरी एका मेजावर प्रभुभोजन घेतलं आणि शांतीनं निरोप घेतला.
"मग तुम्हाला का जमत नाही?"
पोळी मोडत राहिले.
पिंपळनेरहून सासूबाईंचा फोन. "पोऱ्या गया, आते मंडळी बी सोडी दी का त्यानी?" मग म्हणाल्या, "जेवस का तो? तेवढं सांग माले."
जेवतात म्हटलं.

५ एप्रिल, रवि.
पहाटे कब्रस्तानात एकटी गेले. जळगावहून तरुण पाळक बोलावले होते. आवाज चांगला. नानांनी माझी मेणबत्ती पेटवून दिली. "प्रभू उठला आहे!" "खरोखर उठला आहे!" माझं तोंडही म्हणालं. बायकांनी सुहासवर फुलं ठेवली, माझ्या पाठीवरून हात फिरवले.
आणि राग आला. वर्षात पहिल्यांदा काही वाटलं ते हे. ह्यांचा राग. सगळी पुस्तकं खरी असतील, पण मला इथे एकटीला उभं केलं.
घरी ह्यांनी चहा करून ठेवला होता. मी घेतला नाही.

९ एप्रिल, गुरु.
रजा टाकली. ह्यांच्याबरोबर गेले. कुणी नव्हतं, रविवारची फुलं वाळलेली. हे काही वाचतील वाटलं होतं. पुस्तक उघडलंच नाही.
शेवटी मीच विचारलं. खरं काय ते सांगा.
हे वाळलेली फुलं गोळा करायला लागले. मग म्हणाले, "गेल्या वर्षी मी इथेच उभा होतो. 'प्रभू उठला आहे' म्हटलं आणि तुझा फोन वाजला. सगळे उत्तर देत होते. मी तुझा चेहरा बघत होतो."
ह्यांनी फुलं बाजूला ठेवली.
"तुझ्याकडे बघून ते वाक्य आता माझ्यानं म्हणवत नाही."
"आणि चौदावा दिवस?"
"तो खराच आहे. खरा नसता तरी मी शोधून काढला असता."
तिथून येतानाच नानांचा फोन आला. ह्या रविवारीही 'प्रभू उठला आहे' म्हणतातच, तेवढं तरी उभे राहून म्हणा, मग कमिटीला मी सांभाळतो. हे हो म्हणाले. फोन ठेवून माझ्याकडे न बघता: "तू मागे बसशील? खांबाच्या आड."
मी पुढे चालू लागले.
आल्यावर आरशात पाहिलं. काहीच नाही त्या चेहऱ्यावर. ह्यांना काय दिसतं कोण जाणे.
मागे बसले तर हे बोलतील, घर राहील, सगळं सुरळीत होईल. पण जळगावच्या त्या पाळकांच्या तोंडून ते वाक्य नुसतं कानावरून गेलं. मला ते ह्यांच्या तोंडून ऐकायचंय, माझ्याकडे बघून, एकदा तरी. आवाज फुटला नाही तरी चालेल.
हे विचारत नाहीत. मी सांगत नाही. रविवारी कुठे बसायचं ते अजून ठरत नाही.