चार मग ओतले, पाच निघाले

३ मार्च
दुपारी जीपने आम्हा दोघांना डोंगरावर सोडलं. दादा मोजणीदार, मी काठी धरणार आणि आकडे लिहिणार. आठवीत शाळा सुटली, पण अक्षर माझंच बरं. तंबू ऐसपैस आहे. वहिनीने मला दादावर लक्ष ठेवायला सांगितलंय आणि दादाला माझ्यावर. पाण्याचा ड्रम वाटेत फुटला. दादा म्हणाला, ओढा आहे, तू आहेस, मग चिंता कसली? जीप बारा तारखेला परत येईल. पायी उतरायला दोन दिवस लागतात.

४ मार्च
ओढा गढूळ आहे. मोठ्या बाटलीचं बूड कापून ती उलटी टांगली. तोंडाशी फडकं, त्यावर कुटलेला कोळसा, मग वाळू, वर खडे. ओढ्यातली वाळू मातकट, म्हणून वरच्या खळग्यातली पांढरीशुभ्र आणली. तिथे गवत उगवत नाही. एक मेलेला पक्षी पडला होता, कागदासारखा हलका. पाणी अगदी नितळ आलं. मी उकळल्याशिवाय पीत नाही. दादाला कुठला धीर! म्हणाला, एवढ्या वेळात लोक विहीर खणतात, बाळा. आणि तसंच घटाघटा प्यायला.

५ मार्च
चार मग ओतले, पाच निघाले. पुन्हा मोजून ओतले. पाचच. दादा म्हणाला, चल, दुकान टाकू. त्याचे ओठ फुटलेत.

६ मार्च
चाराचे सात. दादा सारखं पाणी मागतो. घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरतं. म्हणाला, तुझी वहिनी मला ओळखायची नाही. मला हसू आलं नाही.

७ मार्च
आज काहीच ओतलं नाही. दुपारपर्यंत तीन मग भरले. हे पाणी कुणाचं, ते तेव्हा कळलं. बाटली ठेचली. वाळू लांब नेऊन फेकली. दादाला ओढ्याचं पाणी उकळून पाजलं. तहान जात नाही.

८ मार्च
वाळू फेकली तिथे डबकं झालंय. दादाला पाठीवर घेऊन खाली निघालो. एवढा धिप्पाड माणूस, पण ओझंच नाही. वाटेत सावरायला त्याचा हात धरला, तर बोट — मोडलं. रक्त नाही. दुखलं नाही म्हणाला. जपून तंबूत परत आणला त्याला.

९ मार्च
ओढा आटला. डबकं गुडघाभर. दादा खुणेने पाणी मागतो. डबक्यातलंच देतो, त्याचंच तर आहे. तो प्यायला की डबकं वाढतं. नाही दिलं तरी —

१० मार्च
दादा बोलत नाही. वारा सुटलाय, म्हणून त्याच्या पांघरुणावर चहूबाजूंनी दगड ठेवले. जीप परवा. वहिनीला काय —

११ मार्च
कालपासून माझ्या पोटात थेंब नाही. ठरवलं होतं, त्या डबक्याला तोंड लावायचं नाही. सकाळी एक मग घेतला, फक्त एक. मग — आठ. उकळलंही नाही. दादा बघत होता. पापणी मिटत नाही त्याची. दादा, मला थांबता येत