लेव्हीच्या भाताची गोष्ट

सर, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण माझा राग काही गेलेला नाही.

दहावीच्या वर्गात तुम्ही तुमची छापून आलेली कथा आणलीत आणि मलाच उभं करून वाचायला लावलीत. महायुद्ध नुकतंच संपलंय, रेशनचे दिवस आहेत, सरकार घरोघरचं भात सक्तीनं लेव्हीत उचलतंय. एक कूळबाई जमीनदाराच्या कोठारातलं भात चोरून आपल्या झोपडीत दडवते, पोलीस तिला धरतात, आणि जमीनदार मोठ्या मनानं तिला सोडवून आणतो. मी अडखळले तर म्हणालात, "नीट वाच, तुमच्याकडचीच गोष्ट आहे." मला काय अभिमान वाटला होता! खालापूरजवळच्या आमच्या घरी येऊन मी ती चुलीपुढं बसलेल्या आजीला सांगितली. तिचा भाकरी थापणारा हात थांबला.

"चोरलं नव्हतं गं. तुज्या सरांच्या बापानंच लेव्ही चुकवाया पोती आनून ठेवली आमच्यात. म्हनाला, तुज्याकडं कोन बघतंय? आन् धाड आली तवा वळखसुदीक दिली नाय. दोन म्हैने आत व्हते मी. तुजा बाप अंगावर पीत व्हता."

"आणि सर?"

"ल्हान व्हते. ओटीवरनं बघत व्हते."

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला विचारलं. तुम्ही वह्यांतून मान वर केली नाहीत. "कथा म्हणजे पंचनामा नव्हे. जा वर्गात." नव्हे ना? मग चोर तीच का, तुमचे वडील का नाहीत? तुमची कल्पना नेमकी आमच्याच झोपडीत कशी शिरली?

यंदा खोपोलीत तुमच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. प्रकाशनाला वक्ते म्हणाले, युद्धानंतरचा आपला तालुका समजून घ्यायचा तर ही कथा वाचा. मी उठले आणि पोती कुणाची होती ते सांगितलं. तुमचा मुलगा शांतपणे म्हणाला, "ताई, काही पुरावा आहे का?" मी खाली बसले. आजी केव्हाच गेली. छापील उरलंय ते तुमचं खोटं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक कबूल करते. तुमच्या कथेत एक वाक्य आहे: पोलिसांच्या लॉरीत चढण्याआधी ती तान्ह्याला जावेकडे देते, सुटलेला अंबाडा दोन्ही हातांनी घट्ट बांधते आणि मगच पाय वर टाकते. आजीनं हे मला कधी सांगितलं नव्हतं. ते तुम्हीच पाहिलेलं असणार. तरुणपणची आजी मला फक्त तेवढ्याच एका वाक्यात दिसते, सर, आणि ते मला पाठ आहे.