एकेचाळीस बादल्या

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी एखादं अंग जमिनीला टेकत नाही, तेवढं पोटात घाल.)

तुझा खोकला गेला का? गेला असेल तर औषध बंद करू नकोस, आणि गेला नसेल तर विड्या बंद कर. आम्ही दोघं बरी आहोत. यांचा पाय आता इतका सुधारलाय की काठी कुठे ठेवली हे आठवत नाही, आणि मग ती शोधायला हे घरभर काठीशिवाय फिरतात. डॉक्टर म्हणाले, हाच उत्तम व्यायाम.

आज लिहायला बसले ती तुझे आभार मानायला. फोनवर मानायला गेलं की तू "बरं बरं, दूध उतू जातंय" म्हणून ठेवून देतोस. (दादा, तू एकटा माणूस, तुझ्याकडे दिवसातून चार वेळा उतू जाण्याइतकं दूध येतं कुठून?) म्हणून हे पत्र. गेल्या वर्षी हे दातांच्या दवाखान्याच्या खिडक्या पुसताना शिडीवरून पडले, मांडीत सळई घालावी लागली, आणि तीस वर्षांचा काचा पुसायचा धंदा बसणार असं दिसायला लागलं. तेव्हा तू नोकरी केलीस त्या बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यातून मोडीत निघालेलं ते आरओचं यंत्र पदरमोड करून घेतलंस, दोन दिवस राहून मागच्या पडवीत जोडून दिलंस, आणि लांब दांड्याचा ब्रशही आणलास. तेव्हापासून हे खाली उभे राहून तिसऱ्या मजल्याच्या काचा धुतात. पाण्यात क्षारच नाहीत म्हटल्यावर ते नुसतं वाळलं तरी काचेवर डाग राहत नाही, फडकं लागत नाही, शिडी लागत नाही. हे खिडक्या धुऊन संध्याकाळी चालत घरी येतात, हे मी रोज बघते आणि रोज तुझी आठवण काढते. हे सगळं आधी लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून तुला वाटेल की बहीण कृतघ्न आहे. तसं नाही.

झालं असं, की तुझ्या यंत्राला दोन नळ्या आहेत. एकीतून चांगलं पाणी टाकीत जातं आणि दुसरीतून उरलेलं क्षारांचं पाणी बाहेर गटारात. ही दुसरी नळी मी सात महिने पाहिली, पण बघितली नाही. खळखळ आवाज यायचा. मला वाटायचं, यंत्र आहे, काम करतंय, आवाज करणारच. (हेही काम करताना आवाज करतात.) मग पाण्याचे दिवस वाईट आले. नळाला पाणी सकाळी तासभर, तेवढ्यात सगळ्या इमारतीची गच्चीवरची टाकी भरायची आणि ती तीन बिऱ्हाडांनी दिवसभर पुरवायची. पुरेना. अकरा वाजता तिन्ही घरांच्या तोट्या सूं सूं करायच्या. घरमालक दोन वेळा प्लंबर बोलावून टाकीला भोक पडलंय का बघून गेले.

भोक सापडलं ते आमच्या खालच्या बाईंना. तू त्यांना पाहिलं असशील, चष्म्याला दोरी लावलेल्या, एकट्या राहतात, फार बोलत नाहीत. एका सकाळी दारात उभ्या, हातात वही. आठवडाभर त्यांनी आमच्या दुसऱ्या नळीच्या खाली गटारापाशी उतरलेल्या टोकाला बादली लावून मोजणी केली होती. काही बोलायच्या आधी चष्मा लावला आणि वाचून दाखवलं, "सोमवारी अडतीस. मंगळवारी चाळीस. काल एकेचाळीस बादल्या. तुम्हाला लागतं किती?"

मी म्हटलं, "दहा बादल्या."

त्या म्हणाल्या, "म्हणजे एक शुद्ध करायला चार नासता." वही मिटली आणि जिना उतरून गेल्या. दादा, कुणी भांडलं तर मला उत्तर देता येतं, पण आकडे वाचून निघून गेलं की काय करायचं? संध्याकाळी घरमालकांची चिठ्ठी आली. महिनाअखेर यंत्र बंद, नाहीतर घर खाली.

आता तुझी बहीण कशी आहे तुला ठाऊकच आहे. मी ठरवलं, यापुढे एक थेंब गटारात जाणार नाही. दुसऱ्या नळीखाली पिंप लावलं. पिंप भरलं. मग टब, मग दोन्ही हंडे, मग बंद पडलेल्या कपड्यांच्या मशिनचं पोट, मग सगळी पातेली, शेवटी चहाचं भांडंसुद्धा. घरात पाऊल टाकायला जागा राहिली नाही. हे काठी टेकायचे ती बादलीत. आणि एवढं पाणी जमवल्यावर वापरायला नको? त्या पाण्याने कपडे धुतले, तर यांचा पायजमा दोरीवरून काढला तो यांच्याशिवाय उभा राहिला. फरशी पुसली, तर वाळल्यावर पांढरे फराटे. समेट म्हणून खालच्या बाईंच्या दारातल्या फर्नच्या कुंडीला रोज दोन तांबे घातले, गुपचूप, पुण्याचं काम म्हणून. दहा दिवसांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या आणि बाई रोज सकाळी कुंडीपुढे वाकून कसला रोग पडलाय ते बघायला लागल्या. मी वरून बघायची आणि पुन्हा आत यायची.

घरमालकांचंही मन वळवावं म्हणून त्यांची काळी गाडी धुऊन ठेवली. चांगली घासून. ऊन पडलं, गाडी वाळली, आणि अख्ख्या गाडीला गोवर उठला. मालक बाहेर आले, एकदा गाडीकडे बघितलं, एकदा आमच्या दारावरच्या पाटीकडे. पाटीवर यांनी हौसेने लिहून घेतलंय, "डाग राहिल्यास पुन्हा धुऊन देऊ." मालकांनी पाटी मोठ्याने वाचली.

पण हे सगळं घरातल्या घरात होतं. खरा घोळ चष्म्याच्या दुकानात झाला. ते दुकान म्हणजे यांचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मोठं काम, समोरची भिंत सगळी काचेची. पडवीत दोन सारखी निळी पिंपं होती, एकात चांगलं, एकात उरलेलं. यांनी घाईत कुठलं कामाच्या गाडीवर चढवलं ते सांगायला नकोच. (पिंपांवर चिठ्ठ्या लावायला मी विसरले होते, हे मी मान्य करते, कारण हे वाचताहेत.) दुकानाची काच धुतली, हे घरी आले, आणि दुपारपर्यंत चाळीस फूट काचेवर पांढरे ठिपके उमटले. आत बसलेल्या लोकांना बाहेरचं सगळं धुकट दिसायला लागलं. एका आजोबांनी नवा चष्मा परत केला. दोघांनी नंबर वाढला म्हणून पुन्हा डोळे तपासून घेतले. दुकानदार भला माणूस, फोनवर इतकंच म्हणाला, "आज गिऱ्हाईक चांगलं झालं, पण उद्या काच साफ पाहिजे, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

यांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "यंत्र देऊन टाकू. लोकांच्या तोंडचं पाणी पळवून मला काचा धुवायच्या नाहीत. उद्यापासून शिडी काढतो."

दादा, इथे मला विनोद सुचत नाही. त्या पायात सळई आहे. मी चपला घातल्या आणि खाली गेले. म्हटलं, बाईंचे पाय धरू, कुंडीचं खरं सांगू, मालकांकडून महिनाभर मुदत मिळवून द्या म्हणू. दार उघडल्या उघडल्या मी रडायलाच लागले, त्यामुळे सगळं उलट्या क्रमाने बाहेर पडलं: आधी शिडी, मग चष्मे, मग गाडी, आणि शेवटी फर्न. बाईंनी मला बसवलं, पाणी दिलं. (मी प्यायला कचरले. त्या म्हणाल्या, "प्या, हे मोजलेलं नाही.")

मग विचारलं, "यंत्र आरओचं आहे ना?"

"हो. माझ्या भावाने जोडलंय."

"मी सव्वीस वर्षं दवाखान्यात डायलिसिसच्या विभागात होते. रोग्यांचं रक्त धुवायला असंच पाणी लागतं. असली चार यंत्रं मी सांभाळली आहेत. मला आधी का नाही बोलावलंत?"

मी म्हटलं, "तुम्ही वही घेऊन आलात, म्हणून."

त्या हसल्या. सात महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाल्या, "मला नुसतं बोलायला येता येत नाही हो. काहीतरी हातात लागतं."

त्यांचे गुडघे गेलेले, तरी कठडा धरून एकेक पायरी चढून वर आल्या. हातात पेनाएवढी वस्तू, पाण्यात बुडवली की क्षारांचा आकडा दाखवते. यंत्राला कान लावला, डॉक्टर लावतात तसा. मग एका छोट्या दांड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा आडवा कुणी केला?" तो दांडा म्हणे यंत्राचं पोट धुवायचा. रोज पाच मिनिटं आडवा करायचा आणि पुन्हा उभा. आमचा सात महिने आडवाच होता, म्हणजे निम्मं पाणी यंत्रात येऊन नुसतं फिरून गटारात जात होतं. शिवाय पहिली जाळी काढली ती चहाच्या गाळणीसारखी झालेली. आणि गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला जोरच नाही. जोर नसला की यंत्र गाळतं कमी आणि फेकतं जास्त. प्लंबरला बोलावून मध्ये एक छोटा पंप बसवला, टाकी भरली की आपोआप बंद होणारी तोटी लावली.

हे तर झालंच, पण त्यांनी यांनाही शहाणं केलं. म्हणाल्या, "चौकटीवरची धूळमाती धुवायला अमृत कशाला? ती आधी उरलेल्या पाण्याने घासून काढा, शेवटची धार तेवढी शुद्ध सोडा." आता दहा बादल्यांचं काम सहांत होतं, आणि त्या सहांसाठी बाहेर जातात सहाच. त्यातल्या दोन चौकटींना लागतात आणि चार जातात संडासांच्या टाक्यांना, तिन्ही बिऱ्हाडांच्या. गच्चीवरच्या टाकीत भर दुपारी पाणी असतं, तेव्हा चिठ्ठीचा विषय घरमालकांनी परत काढलेला नाही. गाडी यांनी चांगल्या पाण्याने धुऊन दिली. चष्म्याच्या दुकानाची काच इतकी लख्ख झाली की दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक तिच्यावर आपटलं. कुंडीतल्या फर्नला नवी पानं फुटताहेत, पण बाई मला तिच्या जवळ जाऊ देत नाहीत.

दांड्याचं मनाला लावून घेऊ नकोस. माणूस आहे, विसरतो. बाई म्हणाल्याच, "ज्याने जोडलंय त्याचा हात फार सफाईचा आहे, पण जाताना दांडा बघायला हवा होता." मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, गाडीची वेळ झाली असेल. तू यंत्र दिलं नसतंस तर वाचवायला काही उरलंच नसतं. तुझे उपकार आम्ही दोघं विसरणार नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. यांनी पत्र वाचलं. यांचं म्हणणं, तू जाताना दांडा उभा करूनच गेलास, "याला हात लावू नका" असं दोनदा सांगूनही गेलास, आणि दुसऱ्याच दिवशी मी केर काढताना केरसुणी अडकते म्हणून तो आडवा केला. मला आठवत नाही. पण केरसुणी हल्ली पुन्हा अडकायला लागली आहे, तेव्हा तसं असेलही. वरचा परिच्छेद खोडत नाही, पत्र घाण होतं. तू वाचू नकोस म्हणजे झालं.

आणखी एक. काम वाढलंय. चष्मेवाल्याने शेजारची दोन दुकानं मिळवून दिली. यांना एकट्याला नळी आवरत नाही आणि बाईंना जिना रोज चढवत नाही. यंत्र कळणारं कुणीतरी इथे पाहिजे. पण तेही खरं कारण नाही. गेल्या रविवारी फोनवर तू दूध उतू जातंय म्हणालास आणि ठेवायला विसरलास. मी ऐकत होते. तू स्वयंपाकघरात गेलाच नाहीस, दादा. नुसता बसून होतास. वीस मिनिटं. मग टीव्ही लावलास. पडवीशेजारची खोली रिकामी केली आहे, खिडकी मोठी आहे, काच यांनी स्वतः धुतली आहे. नको म्हणायचं असेल तर सावकाश पत्राने कळव. तुझं पत्र इथे यायला आठवडा लागतो, आणि सोबतचं तिकीट गुरुवारचं आहे.